पंचनामा नसलेलं मरण

'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आपलं ब्रीदवाक्य. पुण्यात कुणी परभणीकर भेटला की नाव-गाव सांगायच्या आधी हेच म्हणतो. ते कुठून आलं यावर चहाच्या टपरीवर दहा जणांच्या दहा कथा ऐकायला मिळतात, त्या वादात मला पडायचं नाही. पण १५ जुलै २०२५ ला खऱ्या जर्मनीतून एक निकाल आला आणि आपल्याकडे त्याची फारशी चर्चा झाली नाही. पेशाने वकील असल्यामुळे मी त्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही, म्हणून ही लांब पोस्ट. वेळ काढून वाचा.

प्रकरण असं. येमेन देशात हदरामौत नावाचा भाग आहे, तिथं खशामीर हे गाव. ऑगस्ट २०१२ मध्ये गावातल्या एका घरात लग्न होतं. पाहुणे जमले होते. त्यांच्यात एक इमाम होता. थोडेच दिवस आधी त्याने मशिदीत अल कायदाच्या विरोधात जाहीर प्रवचन दिलं होतं. २९ ऑगस्टला तीन अनोळखी माणसं गावात आली आणि त्याला भेटायचं म्हणू लागली. एकट्याने जायला नको, म्हणून त्याने पोलिसात असलेल्या आपल्या एका नातलगाला सोबत घेतलं. बोलणं चाललेलं असताना वरून क्षेपणास्त्रं आली आणि सगळेच गेले. अल कायदाच्या विरोधात बोलणारा माणूस आणि सरकारी पोलिस, दोघंही अल कायदाला मारायला पाठवलेल्या ड्रोनने मारले.

आता यात जर्मनी कुठून आली? हे ड्रोन चालवणारे अमेरिकेत बसतात, नेवाडाच्या वाळवंटात वगैरे. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे अमेरिकेवरच्या उपग्रहाला येमेन दिसत नाही. म्हणून अमेरिकेतून संदेश समुद्राखालच्या तारेने जर्मनीतल्या रामस्टाइन इथल्या अमेरिकी हवाई तळावर येतो, तिथून उपग्रहावर जातो आणि मग ड्रोनपर्यंत. रामस्टाइन मधे नसेल तर हे सगळं चालवणं फार अवघड. मेलेल्यांच्या नातेवाइकांनी हाच धागा पकडला.  २०१४ मध्ये ते जर्मनीच्या कोर्टात गेले. म्हणणं एवढंच, की तुमच्या जमिनीवरून आमच्या गावावर मरण पाठवलं जातंय, ते कायद्यात बसतं का हे तरी बघा. कोलोनच्या कोर्टाने २०१५ ला दावा फेटाळला. २०१९ मध्ये म्युन्स्टरच्या वरच्या कोर्टाने सरकारला सांगितलं, की हो, आंतरराष्ट्रीय कायदा पाळला जातोय का हे बघणं तुमचं काम आहे. २०२० ला लाइपझिशच्या कोर्टाने ते उलटवलं. आणि जुलै २०२५ मध्ये कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयाने शेवटचा निकाल दिला: परदेशातल्या माणसाच्या जिवाचं रक्षण करण्याची जबाबदारी जर्मनीवर तत्त्वतः येऊ शकते, पण या प्रकरणात त्यासाठी लागणाऱ्या अटी पूर्ण होत नाहीत. तक्रार फेटाळली.

अकरा वर्षं. तारीख पे तारीख फक्त आपल्याकडेच असते असं नाही.

मला खटकली ती वेगळीच गोष्ट. अकरा वर्षांच्या या सगळ्या कामकाजात, हा हल्ला आम्ही केला आणि त्यात ही निरपराध माणसं मेली, असा अमेरिकेचा साधा अधिकृत कागद नाही. कुटुंबाने सांगितलेला एक प्रसंग आहे. २०१४ मध्ये येमेनच्या सुरक्षा खात्याच्या एका माणसाने त्यांच्या हातात प्लास्टिकची पिशवी दिली. पिशवीत एक लाख डॉलरच्या नोटा. कुणाकडून, कशाबद्दल, काही लिहिलेलं नाही. पावती नाही, पत्र नाही.

आपल्याकडे अतिवृष्टी झाली की शेतकरी पहिली मागणी कशाची करतो? पंचनाम्याची. पैसे नंतरची गोष्ट. तलाठी बांधावर आला पाहिजे, गट नंबर लिहिला पाहिजे, सोयाबीन किती गेलं, कापूस किती, म्हैस वाहून गेली का, पंचांच्या सह्या. ज्याचा पंचनामा झाला नाही त्याचं नुकसान झालंच नाही असं धरतात, हे पूर्णा-दुधना-गोदावरीच्या काठच्या माणसाला मी सांगायची गरज नाही. विमानातून आणि आता ड्रोनमधून होणाऱ्या मरणाचा सगळा इतिहास मला या एका शब्दाने वाचता येतो. वरून मारणाऱ्याने खालचा पंचनामा स्वतःहून केला असं उदाहरण शोधायला गेलं तर फार कमी सापडतात.

हा इतिहास येमेनपासून सुरू होत नाही. १ नोव्हेंबर १९११ ला लिबियात इटलीच्या जूलिओ गाव्होत्ती नावाच्या वैमानिकाने विमानातून हाताने छोटे बॉम्ब खाली टाकले. विमानातून बॉम्ब पडण्याची ही पहिली नोंद. आणि आठ वर्षांच्या आत ते आपल्या अंगावर पडले.

जालियनवाला बाग सगळ्यांना माहीत आहे, १३ एप्रिल १९१९. दुसऱ्याच दिवशी काय झालं ते मात्र शाळेच्या पुस्तकात नसतं. आज पाकिस्तानात असलेल्या गुजरांवाला गावात दंगा उसळला होता, स्टेशन आणि सरकारी इमारती जाळल्या होत्या. लाहोरहून विमानं आली. त्यांनी गावावर आणि शेजारच्या खेड्यांवर बॉम्ब टाकले, मशीनगन चालवली. एका खालसा हायस्कूलच्या वसतिगृहाच्या आवारातही बॉम्ब पडला. सरकारी हिशेबाप्रमाणे मेलेल्यांचा आकडा दहा-बाराच्या आसपास.

पुढे हंटर कमिटीपुढे या वैमानिकाची, कॅप्टन कार्बेरीची, साक्ष झाली. कमिटीत तीन हिंदी सभासद होते, त्यांतले एक मुंबईचे सर चिमणलाल सेटलवाड, उलटतपासणीत तरबेज माणूस. खेड्यात गोळ्या झाडल्यास, तर त्यात निरपराध माणसं नव्हती कशावरून, अशा अर्थाचे प्रश्न झाले. वैमानिकाचं उत्तर या अर्थाचं होतं: मी दोनशे फुटांवर होतो, मला सगळं स्वच्छ दिसत होतं, आणि त्या गावात निरपराध असा एकही माणूस मला दिसला नाही.

मी हे वाक्य कितीतरी वेळा वाचलं. इतकी वर्षं कोर्टात साक्षीदार बघतोय. खोटं बोलणारा साक्षीदार चाचरतो, फिरवतो. हा माणूस तसा वाटत नाही. त्याला खरंच तसं दिसलं असावं. दोनशे फुटांवरून डोक्यावरचं पागोटं दिसतं, हातातली काठी दिसते, पळणारा दिसतो. निरपराधपणा कसा दिसणार? तो कुणी तरी खाली जाऊन, चार लोकांना विचारून ठरवायचा असतो. शंभर वर्षांत विमानातला माणूस काढून टाकला आणि त्या जागी कॅमेरा बसवला. पण दावा अजून तोच आहे.

इथे एक नाव आपल्या माणसाचं घ्यायला हवं. सरकारी कमिटीवर विश्वास नव्हता म्हणून काँग्रेसने पंजाबसाठी स्वतःची चौकशी समिती नेमली होती. गांधी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी आणि मुकुंदराव जयकर. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. त्यांच्या नावाच्या ग्रंथालयात परभणीच्या किती तरी पोरांनी रात्री काढल्यात. या लोकांनी गावोगाव फिरून १७०० च्या वर साक्षी तपासल्या आणि त्यांतल्या सुमारे ६५० छापल्या. गांधींचा कटाक्ष असा, की ज्या साक्षीत थोडीही अतिशयोक्ती वाटेल ती बाजूला ठेवायची. अहवाल मार्च १९२० मध्ये आला. माझ्या मते ही विमानातून झालेल्या मरणाची खालून केलेली पहिली मोठी नोंद आहे, आणि ती करणाऱ्यांत बहुतेक वकील होते याचा मला जरा अभिमानही वाटतो. असो.

गुजरांवाला हा अपवाद राहिला नाही. इराकमध्ये आणि वायव्य सरहद्दीवर टोळ्यांना 'ताळ्यावर आणायला' इंग्रज विमानं वापरू लागले. फौज पाठवण्यापेक्षा स्वस्त पडतं, हा हिशेब उघड होता. वझिरीस्तानात १९२५ साली तर पायदळ न घालता फक्त विमानांनी ५४ दिवस मोहीम चालवली. आधी पत्रकं टाकायची, गाव सोडून जा म्हणून, मग घरं आणि गुरं यांच्यावर बॉम्ब. वझिरीस्तान हे नाव लक्षात ठेवा, परत येणार आहे.

१९३२-३३ मध्ये जिनिव्हाला निःशस्त्रीकरण परिषद भरली. विमानातून बॉम्ब टाकायला जगभर बंदी घालावी असा विषय आला. मार्च १९३३ च्या ब्रिटनच्या मसुद्यात बंदी मान्य होती, फक्त एक सूट होती: दूरच्या प्रदेशांत पोलिसी कामासाठी बॉम्ब टाकता यावेत. म्हणजे लंडन-पॅरिसवर नको, आमच्या-तुमच्यावर चालेल. ही परिषद पुढे बारगळली, पण 'पोलिसी काम' हा शब्द मला सोडवत नाही. कारण पंधरा वर्षांनी तो आपल्याच दाराशी आला. आपले आजोबा-पणजोबा ज्याला 'पोलिस ॲक्शन' म्हणायचे, ती.

१३ ते १७ सप्टेंबर १९४८. परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात, आणि आजचं हिंगोलीही त्यातच होतं. कासीम रझवीच्या रझाकारांनी त्याआधी वर्ष-दीड वर्ष मराठवाड्यात काय मांडलं होतं हे घराघरात माहीत आहे: गावं लुटली, माणसं मारली, हजारो कुटुंबं घर सोडून इंग्रजांच्या जुन्या मुलखात, कॅम्पांत जाऊन राहिली. ते संपवणं गरजेचं होतं, यात माझ्या मनात शंका नाही आणि १७ सप्टेंबरचं झेंडावंदन मी चुकवत नाही. या कारवाईत हवाई दल होतं, टेंपेस्ट विमानांनी लष्करी ठिकाणांवर हल्ले केले. फौज कमी दिवसांत आत घुसली आणि पाच दिवसांत सगळं आटोपलं.

पण जी मोठी प्राणहानी झाली ती विमानाने झाली नाही आणि त्या पाच दिवसांतही नाही. ती त्यानंतरच्या दिवसांत जमिनीवर झाली, सूड म्हणून, आणि त्यात ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता अशी मुसलमान कुटुंबं मोठ्या संख्येने मेली. पंडित नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाहणीला पाठवलं. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात ते सोळापैकी नऊ जिल्हे फिरले, १०९ गावांच्या ५०० वर लोकांशी बोलले. त्यांचा अंदाज होता २७ ते ४० हजार मृत्यू. सगळ्यात वाईट अवस्था त्यांनी उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांची सांगितली. दुसऱ्या फळीत औरंगाबाद आणि बीड. म्हणजे आपल्या परभणीच्या आजूबाजूचा मुलूख. रझाकारांचे गुन्हेही त्यांनी लपवले नाहीत. आणि एक गोष्ट त्या अहवालात आहे, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवताना स्वतःचे जीव दिले. एकाच मागावर बसणारी माणसं.

तो अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. पन्नासेक वर्षं तो फायलीत राहिला, गेल्या पंचवीस वर्षांत त्यातले भाग बाहेर आले, आता संशोधकांना बघता येतो. आकड्यावर आजही वाद आहेत, आणि होणारच. वेळेवर पंचनामा जाहीर झाला असता तर वाद करायला निदान एक कागद समोर असता. तसं नसल्यामुळे एक बाजू म्हणते काहीच झालं नाही, दुसरी म्हणते लाखो मेले, आणि दोघंही एकमेकांना खोटं ठरवत बसतात. आपल्या भागात आजही निवडणूक आली की हे भांडण वर काढतात, ते त्यामुळेच.

आपल्याच विमानांनी आपल्याच गावावर बॉम्ब टाकल्याची घटना पुढे १९६६ मध्ये झाली. मिझो बंडखोरांनी मार्चच्या सुरुवातीला ऐझॉल घेरलं होतं. ५ मार्चला हवाई दलाच्या तूफानी आणि हंटर विमानांनी आधी मशीनगन आणि मग आग लावणारे बॉम्ब टाकले. दॉरपुई, छिंगा वेंग या वस्त्या जळाल्या. बहुतेक लोक आधीच डोंगरात पळाले होते म्हणून माणसं कमी मेली, घरं मात्र गेली. सरकारचं म्हणणं काय होतं? विमानं माणसं आणि सामान उतरवायला गेली होती. आसामचे दोन आमदार, स्टॅन्ली निकोल्स-रॉय आणि हूव्हर हिन्येवता, तिथं जाऊन आले, लोकांशी बोलले आणि विधानसभेत हे मांडलं. जळालेलं गाव आणि 'सामान उतरवलं' हा खुलासा, दोन्ही एकाच देशाच्या नोंदीत शेजारी-शेजारी आहेत. मिझोराममध्ये ५ मार्च अजून पाळतात.

आता परत वझिरीस्तान. १९२५ मध्ये जिथे विमानं घिरट्या घालत होती तिथंच २००४ पासून अमेरिकेचे ड्रोन घालू लागले. लंडनच्या ब्यूरो ऑफ इन्व्हेस्टिगेटिव्ह जर्नलिझम या पत्रकारांच्या संस्थेने स्थानिक बातमीदारांच्या मदतीने एकेक हल्ल्याची नोंद ठेवली. २०१८ पर्यंत पाकिस्तानात ४३० हल्ले, अडीच ते चार हजार मृत्यू, त्यांत ४२४ ते ९६९ सामान्य नागरिक, त्यांत १७२ ते २०७ मुलं. अमेरिकी सरकारने २०१६ मध्ये प्रथमच स्वतःचा आकडा दिला: २००९ ते २०१५ या काळात पाकिस्तान, येमेन, सोमालियासारख्या युद्धक्षेत्राबाहेरच्या सगळ्या देशांत मिळून ४७३ हल्ले आणि ६४ ते ११६ निरपराध. दोन्हींचा काळ आणि प्रदेश तंतोतंत एक नाही, तरी फरक डोळ्यात भरतो.

हा फरक कसा पडतो याचं एक कारण न्यू यॉर्क टाइम्सने मे २०१२ मध्ये छापलं होतं. हल्ल्याच्या जागी सापडलेला लढण्याच्या वयाचा प्रत्येक पुरुष हा लढवय्याच धरायचा, तो मेल्यावर निर्दोष असल्याचा पुरावा आला तर वेगळी गोष्ट. आमच्या धंद्यात याला काय म्हणतात ते सांगत नाही. आरोपी मेल्यावर त्याने येऊन स्वतःचं निरपराधित्व सिद्ध करायचं!

१७ मार्च २०११ चं दत्ताखेल बघा. क्रोमाइटच्या खाणीवरून दोन गटांत वाद होता, तो मिटवायला गावचे वडीलधारे जिरग्याला बसले होते. आपल्याकडे पारावर पंच बसतात तसं. वरून क्षेपणास्त्रं पडली, चाळिसेक माणसं गेली. आणि त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे दहशतवादविरोधी सल्लागार जॉन ब्रेनन जाहीरपणे म्हणाले, की गेल्या जवळजवळ वर्षभरात एकही निरपराध मेला नाही. कार्बेरी दोनशे फुटांवर होता. हे गृहस्थ दहा-बारा हजार किलोमीटरवर होते.

स्टॅनफर्ड आणि न्यू यॉर्क विद्यापीठांच्या कायदा विभागांनी २०१२ मध्ये वझिरीस्तानातल्या लोकांशी बोलून एक अहवाल केला. त्यात मेलेल्यांइतकंच जिवंत माणसांबद्दल आहे. दिवसभर डोक्यावर घूं-घूं आवाज. लोक मयतीला जायला घाबरतात, कारण गर्दी दिसली की हल्ला होऊ शकतो. जखमींना उचलायला लगेच धावत नाहीत, कारण दुसरं क्षेपणास्त्र मागून येतं. मुलांना शाळेतून काढलं. चार माणसं एकत्र बसायची हिंमत राहिली नाही. अंत्ययात्रा, लग्न, पंचायत, एकमेकांच्या मदतीला धावणं या गोष्टी काढून घेतल्यावर गावाचं काय उरतं, याचा विचार करून बघा.

एक घटना मी जरा सविस्तर सांगतो. २४ ऑक्टोबर २०१२, उत्तर वझिरीस्तान. बकरी ईद दोन-तीन दिवसांवर. साठी उलटलेली एक आजी शेतात भेंडी तोडत होती, नातवंडं जवळच होती. ड्रोनच्या माऱ्यात ती जागेवर गेली, नातवंडं जखमी झाली. सुरुवातीच्या बातम्यांत अतिरेकी मेल्याचं आलं. ती गावातली सुईण होती. वर्षभराने तिचा शिक्षक मुलगा आणि दोन नातवंडं वॉशिंग्टनला गेली, अमेरिकी संसदेच्या सभासदांपुढे बोलायला. तेरा वर्षांचा नातू म्हणाला, की मला आता निळं आभाळ आवडत नाही, ढगाळ दिवस आवडतो, कारण ढग असले की ड्रोन उडत नाहीत. दुभाषी रडली. ऐकायला सभासद आले होते पाच.

भेंडीवर फवारणी करायला आज आपल्याकडे ड्रोन येतो. आपल्या कृषी विद्यापीठात त्याची प्रात्यक्षिकं होतात, बचत गटाच्या बायकांना 'ड्रोन दीदी' म्हणून प्रशिक्षण मिळतं, आणि ते चांगलंच आहे. पाठीवर पंप घेऊन विषबाधा होण्यापेक्षा शंभर पटीने बरं. यंत्र तेच आहे. पण त्या नातवाला त्याचा आवाज ऐकल्यावर काय होत असेल, याची जराशी चुणूक आपल्यालाही मिळून गेली आहे. २०२४ च्या पावसाळ्यात जालना, बीड, संभाजीनगरच्या खेड्यांवर रात्री ड्रोन दिसल्याच्या बातम्या सुरू झाल्या. कुणी म्हणे चोरटे टेहळणी करतात, कुणी म्हणे अजून काही. लोक काठ्या घेऊन रात्रभर गस्त घालू लागले. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने पत्र्यावर झोपायचं बंद केलं. त्या ड्रोनमधून काही पडलं नव्हतं, तरीही.

मे २०२५ मध्ये तेही झालं. आपल्या आणि पाकिस्तानच्या चार दिवसांच्या लढाईत ड्रोन पहिल्यांदाच एवढ्या संख्येने सरहद्दीवर उडाले. पंजाबात फिरोजपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात घरावर जळता ड्रोन पडून एका कुटुंबातले तिघं होरपळले, त्यातली आई पुढे दवाखान्यात वारली. त्या घराची नोंद झाली, नाव छापून आलं, सरकारने मदत दिली, कारण ते आपल्या बाजूचं घर होतं. आणि हे यंत्र आता आपल्याकडे बनतं. नागपुरात तयार झालेलं 'नागास्त्र' सैन्यात दाखल झालं आहे. देशाचं रक्षण करायचं तर ते लागेलच, त्याला माझा विरोध नाही. मला एवढंच कळून घ्यायचं आहे, की ते जिथे पडेल तिथला पंचनामा कोण करणार आणि तो कुणाला वाचायला मिळणार. गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरमध्ये २०२१ ते २०२३ च्या दरम्यान काही गावांतल्या आदिवासींनी तक्रारी केल्या, की रात्री ड्रोनमधून बॉम्ब टाकले गेले. पोलिसांनी साफ नाकारलं. स्वतंत्र चौकशी होऊन अहवाल लोकांपुढे आला असता, तर खोटं कोण बोलतंय ते कळलं असतं. गाव किंवा पोलिस, कुणीतरी एक सुटलं असतं.

कबूलच करायला लावलं तर सरकारं कबूल करतात, हेही नोंदवतो. २९ ऑगस्ट २०२१ ला काबूलमध्ये अमेरिकी ड्रोनने एक पांढरी गाडी उडवली. आत्मघाती हल्लेखोर होता म्हणाले, सैन्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्याने हा हल्ला योग्यच होता असं सांगितलं. पत्रकार गल्लीत गेले, शेजाऱ्यांना विचारलं, सीसीटीव्ही बघितला. गाडीवाला एका अमेरिकी मदत संस्थेचा कर्मचारी होता, आणि गाडीत स्फोटकं म्हणून जे दिसलं ते बहुधा पाण्याचे कॅन होते. दहा जण मेले, त्यांतली सात मुलं. ड्रोनने त्या गाडीवर आठ तास नजर ठेवली होती. आठ तास बघून पाणी दिसलं नाही. १७ सप्टेंबरला, म्हणजे आपण इथे झेंडावंदन करतो त्या दिवशी, त्यांनी चूक मान्य केली. शिक्षा कुणालाच झाली नाही. युद्धक्षेत्राबाहेरच्या ड्रोन हल्ल्यांत मेलेल्या नागरिकांचे आकडे दरवर्षी जाहीर करायचा नियम त्यांच्याकडे होता, तो त्याआधीच, मार्च २०१९ मध्ये, काढून टाकलेला होता.

या सगळ्या वाचनातून माझ्या हातात करण्यासारखं एकच काम आलं, आणि ते वझिरीस्तानातलं नाही. १९४८ मध्ये जे दहा वर्षांचे होते ते आज सत्त्याऐंशीच्या आसपास आहेत. जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, गंगाखेड, पूर्णा, पालम, सोनपेठ, तुमच्या गावात, तुमच्या घरात असं कुणी असेल तर जवळ बसा आणि विचारा: रझाकारांनी कुणाला मारलं, आणि नंतर कुणाला मारलं. दोन्ही विचारा. नाव, बापाचं नाव, जात-धर्म, वय, धंदा, कुठे, कुणासमोर. कुणी कुणाला कणगीत, माळ्यावर लपवून वाचवलं तेही. ऐकीव असेल तर ऐकीव म्हणून लिहा, बघितलं असेल तर बघितलं म्हणून. मोबाइलवर रेकॉर्ड केलं तरी चालेल, मात्र सांगणाऱ्याला आधी विचारा. जिवंत माणसांची नावं इथे जाहीर टाकू नका. मला मेसेजमध्ये पाठवा, मी तालुक्याप्रमाणे वही करतोय. आतापर्यंत तीन गावं झाली आहेत.